माळावरचं पिल्लू अनाथ नसतं



ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्या धर्मशिक्षण वर्गातली तीन मुलं बुटांच्या खोक्यात सशाचं पिल्लू घेऊन आली. चर्चमागच्या माळावर गवतात एकटंच बसलं होतं म्हणे, आई टाकून गेलेली. आम्ही मुलांची पाठ थोपटली आणि कापसाच्या बोळ्याने पिल्लाला गाईचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी ते मेलं. चूक मुलांची नव्हती, शाबासकी देणाऱ्या आम्हा मोठ्यांची होती.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. पिंजऱ्यातला पांढरा तोही ससा आणि आपल्या बेळगावकडच्या माळावरचा, मानेवर काळा पट्टा असलेला भुरा, तोही ससाच. (ईस्टरचा ससा जर्मनीतून आला, तोही मुळात रानससा, आपली मुलं मात्र पिंजऱ्यातला काढतात!) पाळीव सशाची पिल्लं आंधळी, बिनकेसांची जन्मतात. रानससा बीळ खणतच नाही. त्याची पिल्लं उघड्यावर जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. मादी त्यांना गवतात दडवते आणि दिवसभर जवळ फिरकत नाही, कारण ती तिथे घुटमळली तर कोल्हा, मुंगूस, रानमांजर यांना ठिकाण कळेल. अंधार पडला की येते, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. तिचं दूध इतकं दाट असतं की तेवढं पुरतं. गाईचं दूध त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणजे पिल्लू एकटं दिसलं, तर आईने ते नीट सांभाळलंय असंच समजायचं. आम्ही वर्गात भूतदया शिकवतो, पण हात मागे घ्यायला कधी शिकवलं नाही. जखमी असेल तर वनविभागाला कळवावं. घरी पाळू नये, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे.

आणखी एक. दर उन्हाळ्यात आपण तो माळ साफ करायला पेटवतो. संकट आलं की पिल्लू पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित बसतं. कोल्ह्यापुढे हे चालतं, आगीपुढे नाही.

यंदा माळ पेटवू नये, असं आम्ही पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मांडणार आहोत. मुलांना खेळायला रस्त्याकडचा तुकडा विळ्याने कापून देता येईल. दोन रविवार श्रमदान केलं तर पुरे, आणि विळे आमच्याकडे आहेत.