दीक्षा घेतली, भाषेचे काय?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी जो मार्ग दाखविला, त्या मार्गावर आज आपलेही कुटुंब आले आहे. बावीस प्रतिज्ञा आपण मुखाने उच्चारल्या. त्याच मुखातून त्यानंतर घरीदारी कोणते शब्द बाहेर पडतात, याचा विचार आपण केला आहे काय?

ज्या शब्दाने मनुष्य स्वतःस ओळखतो, त्याच शब्दाने तो आपली उंची मोजतो. वाकून 'जोहार मायबाप' म्हणणाऱ्यास हक्क मागणे जड जाते. ताठ मानेने 'जय भीम' म्हणणारा बरोबरीच्या नात्याने बोलतो. १९३८ साली 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्याचा प्रसंग आला, तेव्हा बाबासाहेब सहकाऱ्यांसह मुंबई विधानसभेतून उठून गेले. दयेने दिलेले नाव त्यांना नको होते. त्यांच्या पत्रांची नावेच पाहा: १९२० चा 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० ची 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत'. समाजाचा सारा प्रवास या नावांत आहे.

मात्र नुसता शब्द पालटून भागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढण्याचे ठरविले, तेव्हा अशा नावांत 'महारवाडा' याच्या जोडीस 'बौद्धवाडा' हेही गणले गेले! पाटी बदलली, पाहणाऱ्याची दृष्टी जुनीच राहिली. म्हणून धम्माचे नावही जातीचे होऊन बसले.

हा दोष केवळ इतरांचा आहे काय? पत्रिकेवर 'मंगल परिणय' छापावयाचे आणि दिवस पंचांगातून काढावयाचा. 'पुण्यानुमोदन' म्हणावयाचे आणि पान कावळ्यास ठेवावयाचे. मूल नापास झाले की 'नशिबात नव्हते' म्हणून मोकळे व्हावयाचे, हे कोणत्या प्रतिज्ञेत बसते? दुःखास कारण आहे व ते दूर करता येते, असे तथागतांनी सांगितले. 'नशीब' हा शब्द त्या कारणाचा शोधच थांबवितो.

म्हणून घरात नेम करा. 'नशीब' ओठांवर आले की 'कारण काय?' असे विचारा. कोणत्याही जातीस हिणविणारी म्हण मुलांपुढे उच्चारू नका; जिचे वळ आपल्या पाठीवर आहेत, ती काठी आपल्या हाती शोभत नाही. जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे निःशंक सांगा. १९९० च्या कायद्यापासून अनुसूचित जातीचा मनुष्य बौद्ध झाला म्हणून केंद्राच्या सवलतींस मुकत नाही.

धम्माची दीक्षा एका दिवशी घेता येते. भाषेची दीक्षा रोज घ्यावी लागते, आणि ती आपल्या मुलांच्या कानांवर पडत असते.

जय भीम!