मेसच्या फळ्यावर आज काय?

मंडळी, आपल्या मेसच्या दारात जो काळा फळा टांगलेला आहे ना, हा लेख त्याच्याबद्दल आहे. मूळचा तो मेनू लिहायला आणि मेसबिल थकवणाऱ्यांची नावं झळकवायला. पण दोन वर्षांपासून त्याच्या वरच्या अर्ध्या भागात रोज चार गोष्टी असतात : आजचा दिवस, आजचा शब्द, आजची माहिती आणि आजचा जोक. खालच्या अर्ध्या भागात वांगं. (वरचा भाग रोज बदलतो.)

आता ऐकू येतंय की या फळ्याच्या जागी एक मोठी स्क्रीन बसवायची. तिच्यावर इंग्रजीतून थोर लोकांचे विचार, प्लेसमेंटच्या सूचना आणि टेक्निकल फॅक्ट्स फिरत राहणार. कारणं तीन सांगितली गेली. एक, मुलांचं अक्षर वाईट. दोन, शुद्धलेखन त्याहून वाईट. तीन, "इंजिनीअरिंगच्या पोरांना दिनविशेष कशाला हवेत? ते शाळेत असतं." पहिली दोन कारणं आपल्याला मान्य आहेत बुवा. भांडण आहे ते तिसऱ्याशी.

शाळेत असतं, पण कुणाच्या? मी कॉन्व्हेंटची. आमच्या असेंब्लीत 'थॉट फॉर द डे' असायचा, तो कुणीतरी पुस्तकातून उतरवून आणायचं, आणि वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड. मराठी हा एक पेपर होता, तो लिहून मोकळं व्हायचं. परिपाठ हा शब्द मी पहिल्यांदा इथे हॉस्टेलला ऐकला, माझ्या रूममेटकडून. ती आष्टी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेची. तिथे रोज सकाळी राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झाली की एक मुलगी सुविचार सांगणार, एक दिनविशेष, एक बातम्या, एक बोधकथा, आणि शेवटी कुणीतरी सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारणार. हिच्याकडे दर गुरुवारी दिनविशेष असायचा. म्हणजे बघा, ही पोरगी पाचवीपासून सगळ्या शाळेपुढे उभी राहून बोलत आलीय! आणि इथे सेमिनारला इंग्रजी पीपीटी समोर आली की तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. मार्क कमी, शेरा काय, तर 'लॅक्स कॉन्फिडन्स'. असो.

फळ्याचा वरचा अर्धा भाग तिच्यासारख्यांनीच सुरू केला. कॉन्व्हेंटवाले सुरुवातीला हसले. "अरे, परिपाठ चालू झाला!" असं ओरडत ताट घ्यायचे. पण ताट घेताना वाचायचे. मग विचारायला लागले, मग भांडायला लागले. आणि हॉस्टेलमध्ये एखाद्या गोष्टीवरून भांडण लागलं की समजायचं, गोष्ट रुजली.

सगळ्यात मोठं भांडण झालं 'सांबार' या शब्दावरून. पुण्याकडून आलेल्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात मेसच्या काकांना विचारलं होतं, "काका, सांबार आहे का?" काकांनी मूठभर कोथिंबीर चिरून त्याच्या वरणावर टाकली. तो बघतच राहिला. काका म्हणाले, "अवो दादा, सांबार नाही तं काय हाय मंग हे?" आपल्या विदर्भात कोथिंबीर म्हणजे सांबार, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? फळ्यावर दुसऱ्या दिवशी आजचा शब्द होता सांबार. मग रांग लागली. ढेमसं, म्हणजे टिंडा. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. पानकोबी. आलुबोंडा, ज्याला पुण्या-मुंबईकडे बटाटेवडा म्हणतात. कोकणातल्या एका मुलीने तिकडचे शब्द लिहिले, लातूरच्या मुलाने तिकडचे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, ती बातमी फळ्यावर आली तेव्हा खाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं : 'मंग आता तरी सांबार म्हनू द्या.' शुद्धलेखन चुकलेलं, हो. पण त्या दिवशी अख्खी मेस त्या एका ओळीवर हसत होती, आणि कुणाच्या बोलीला कुणी हसत नव्हतं. यातला फरक स्क्रीन लावणाऱ्यांनी जरा लक्षात घ्यावा.

शब्दांची आणखी एक गंमत. सकाळी उठून आपण चावी लावतो, बादली उचलतो, नाश्त्याला पाव आणि बटाट्याची भाजी खातो, सिव्हिलवाले साइटवर घमेलं बघतात, आणि सगळे मिळून चार वर्षं पगाराची वाट बघतात. चावी, बादली, पाव, बटाटा, घमेलं, पगार हे सगळे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. आणि मेसबिलावरचं जमा, खर्च, बाकी, वसूल? ते अरबी-फारसीतून. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तो अशाच फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पुढे सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक असे शब्द दिले, ते आपण आज सहज वापरतो. फळ्यावर यावरूनही दोन पार्ट्या पडल्या होत्या, शुद्ध मराठी पार्टी आणि चालतंय की पार्टी. माझं मत विचाराल तर मला दोन्ही हवेत. 'बाकी'ला पर्याय शोधण्यात मात्र अर्थ नाही, शब्द बदलला तरी ती भरावीच लागते.

आता 'आजची माहिती'. सुरुवातीला इथे काहीही यायचं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, मध खराब होत नाही वगैरे. वाईट नाही, पण असली माहिती मोबाईलवर ढिगाने मिळते. मग कुणीतरी नियम टाकला की आठवड्यातून निदान तीन दिवस माहिती आपल्या जिल्ह्याची हवी. पोरं म्हणाली, वर्ध्यात आहे काय? गांधीजी संपले की संपलं.

आणि मग एकेक निघायला लागलं. वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवलं. सेवाग्रामचं नाव आधी शेगाव होतं, गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, आणि त्यांची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायला लागली म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं. म्हणजे ज्या नावाचा एवढा आदर, त्याच्यामागे पोस्टाची अडचण! आम्ही गाडीतून ज्या सेवाग्राम स्टेशनवर उतरतो त्याचंही आधीचं नाव वर्धा पूर्व. बोरचं जंगल २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं तेव्हा ते देशातलं सगळ्यात छोटं होतं, साधारण १३८ चौरस किलोमीटर.

पण मला सगळ्यात आवडली ती गिरडची गोष्ट. समुद्रपूर तालुक्यात गिरडला टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. लोक सांगतात की दोन व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, तर त्यांचा सगळा माल दगड झाला. समुद्रपूरच्या मुलाने ही गोष्ट फळ्यावर लिहिली. संध्याकाळी केमिस्ट्रीच्या सरांनी येऊन खाली स्वतः खडूने एक ओळ जोडली : 'हे झिओलाइट आहे. फर्स्ट इयर, वॉटर सॉफ्टनिंग, आठवतं का?' अहो, आठवतं का म्हणजे काय! कठीण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम झिओलाइट स्वतःकडे घेतं आणि सोडियम देतं, मग मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करायचं, हे आम्ही आकृतीसकट घोकलेलं. सात मार्कांचं उत्तर. बसाल्ट खडकाच्या पोकळ्यांमध्ये ते तयार होतं आणि आपल्याच जिल्ह्यात पायाखाली पडलंय, हे नोट्समध्ये नव्हतं. त्या रविवारी नऊ जण गिरडला गेले. खिशात दगड घेऊन आले. आता सांगा, 'टेक्निकल फॅक्ट' यापेक्षा आणखी काय वेगळा असतो?

स्क्रीनवर थोर विचार येणार म्हणतात, त्याबद्दल थोडं. आपल्याकडे भिंतीवर ऑलरेडी एक फ्लेक्स आहेच, जगात हवा तो बदल आधी स्वतः बना, खाली गांधीजींचा फोटो. हे वाक्य त्या शब्दांत गांधीजींच्या लिखाणात सापडत नाही. त्यांचं समग्र साहित्य इंग्रजीत शंभर खंडांचं आहे. जवळ जाणारा विचार त्यात आहे, माणूस स्वतः बदलला तर जगाचा त्याच्याशी वागण्याचा ढंगही बदलेल अशा अर्थाचा, आणि तो कुठे आहे माहितीये? १९१३ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये सर्पदंशावर लिहिलेल्या लेखात! दुसरं एक फेमस वाक्य, आधी तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात वगैरे, तेही गांधीजींच्या नावावर फिरतं. त्याच्याशी मिळतंजुळतं बोलणं निकोलस क्लाइन नावाच्या अमेरिकन वकिलाच्या १९१८ च्या भाषणात आहे, कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेपुढचं. मुंबईत असा फ्लेक्स लागला तर एकवेळ चालेल. पण बापूकुटीच्या गावाला खेटून राहणाऱ्यांनी तरी गांधीजींच्या तोंडी अमेरिकन वकील घालू नये! फळ्यावर चुकीचं आलं की कुणीतरी दुपारपर्यंत खाली 'कुठून घेतलं?' असं लिहितंच. स्क्रीनला कोण विचारणार? तिचा पासवर्ड ऑफिसकडे.

आणि एक गोष्ट जरा गंभीर आहे, ती लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मागच्या वर्षी फळ्यावर एक दिवस माहिती होती : १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. सगळे 'वा, आपला वर्धा' म्हणत होते. तेवढ्यात एका मुलाने शांतपणे विचारलं, "खुलं केलं म्हणजे, त्याआधी कोण कोण बाहेर होतं ते पण लिहा ना." टेबलावर कुणी काही बोलेना. वरण थंड झालं. रात्री त्याने स्वतःच खडू घेतला आणि त्याच्या आजोबांच्या गावच्या विहिरीबद्दल चार ओळी लिहिल्या. तीन दिवस त्या कुणी पुसल्या नाहीत, मेनू बाजूच्या भिंतीवर कागदावर लावला. त्यानंतर काही दिवसांनी जोकच्या जागी कुणीतरी आरक्षणावरचा तो नेहमीचा घाणेरडा जोक लिहिला. दहा मिनिटांत तो पुसला गेला. कुणी पुसला ते माहीत नाही, तक्रार करायला कुणी वॉर्डनकडे गेलं नाही. मला वाटतं, त्या चार ओळी आधी आल्या नसत्या तर तो जोक तसाच राहिला असता आणि आम्ही हसून पोळी वाढून घेतली असती.

माझी रूममेट दर श्रावणात नागपंचमीला आष्टीबद्दल लिहिते. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती. त्या दिवशी आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर मोर्चा घेऊन गेले, गोळीबार झाला, गावकरी मारले गेले, म्हणून गावाला शहीद आष्टी म्हणतात. पहिल्या वर्षी तिने हे लिहिलं तेव्हा आमच्यातल्या अर्ध्या लोकांना आष्टी म्हणजे बीडची आष्टी वाटली होती. यंदा तिला थर्ड इयरच्या मुलांनी जेवता जेवता उभं करून सांगायला लावलं. माईक नाही, पीपीटी नाही. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू आलं. तो 'लॅक्स कॉन्फिडन्स' लिहिणारा शेरा मला त्या वेळी फार आठवला.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. स्क्रीन लावायची तर खुशाल लावा, प्लेसमेंटच्या सूचना तिच्यावर येऊ द्या, त्या आम्ही पळत येऊन वाचू. पण फळा काढू नका. शुद्धलेखनाची एवढीच काळजी असेल तर मराठी चांगलं असलेल्या सर-मॅडमनी लाल खडूने दुरुस्त करावं, आम्हाला राग नाही. उलट मग कळेल तरी की कोण कोण वाचतं. आणि माहितीखाली 'कुठून घेतलं' ही ओळ सक्तीची करावी, मग ते पुस्तक असो, लायब्ररीतलं गॅझेटियर असो की आजी असो. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर तसं प्रामाणिकपणे लिहावं, म्हणजे आम्ही त्या हिशोबाने वाचू.

जोकचं मात्र काही खरं नाही. दोन वर्षांत चांगले जोक मोजून अकरा झाले, त्यातले चार मेसच्या पोळीवर. काकांनी ते चारही स्वतःच्या वहीत उतरवून ठेवलेत.

सध्या मंगळवारी इलेक्ट्रिकलवाले लिहितात, गुरुवारी अर्थातच माझी रूममेट, शनिवारी मी. सोमवार रिकामा आहे. ज्यांना घ्यायचाय त्यांनी काकांना सांगा. खडू त्यांच्याकडे मिठाच्या डब्याशेजारी ठेवलेले असतात, ओले करू नका.