विश्लेषण : जुन्या लष्करी ट्रकमध्ये आराम का नव्हता? आजच्या ट्रकचालकाशी त्याचा संबंध काय?

रील पाहताना जुना लष्करी ट्रक समोर आला की बोट थांबतंच. उंच चाकं, जाड बंपर, हिरवा रंग. मग कॅमेरा केबिनमध्ये शिरतो आणि आपण गोंधळतो. आत उघडा पत्रा, मोजके मीटर, पातळ गादीची सीट आणि भलंमोठं स्टिअरिंग. बाकी काहीच नाही.

हा साधेपणा विचार करून आणलेला होता. त्यामागची कारणं समजून घेतली, तर आपल्या महामार्गांवरच्या एका जिवंत प्रश्नाकडेही नीट पाहता येतं.

केबिनमध्ये नेमकं काय नसायचं?

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा 'जीएमसी सीसीकेडब्ल्यू' हे उत्तम उदाहरण. अडीच टन माल वाहणाऱ्या, सहाही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या या ट्रकला सैनिक 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणत. युद्धकाळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक बनले.

सुरुवातीच्या ट्रकना कंपनीच्या नागरी ट्रकसारखी बंद केबिन होती, म्हणजे लोखंडी छत आणि लोखंडी दारं. पुढे तीही गेली. छत कॅनव्हासचं झालं, दारंही कॅनव्हासची झाली. पॉवर स्टिअरिंगचा प्रश्नच नव्हता. प्रवासी कारमध्येसुद्धा ते १९५१ मध्ये आलं. स्टिअरिंगचं चाक मोठं असायचं ते याच कारणाने. चाक जितकं मोठं, तितका जोर कमी लागतो. तरीही चिखलात ट्रक वळवताना खांदे भरून यायचे.

मग हे सगळं काढलं का?

पहिलं कारण जहाज. ट्रक अमेरिकेत बनायचे आणि लढाई समुद्रापलीकडे होती. कॅनव्हासचं छत उतरवलं आणि समोरची काच बॉनेटवर आडवी केली की ट्रकची उंची कमी होते. जहाजात जागा वाचते.

दुसरं कारण कारखाना. उघडी केबिन बनवायला सोपी आणि पोलादही कमी लागतं. तिसरं कारण दुरुस्ती. जी वस्तू बसवलीच नाही, ती रणांगणावर बिघडत नाही आणि तिचे सुटे भागही पाठवावे लागत नाहीत. चौथं कारण शत्रू. उघड्या केबिनमधून आकाश दिसतं, हल्ला झाला तर चटकन उडी मारता येते. साधारण दर चार ट्रकमागे एकाच्या केबिनवर मशीनगन बसवण्यासाठी गोल कडं असायचं.

बसणारे हादरे मात्र स्प्रिंगमुळे होते. लीफ स्प्रिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाटे, पूर्ण भरलेल्या ट्रकचं वजन पेलतील इतके कडक ठेवावे लागतात. ट्रक रिकामा असला की तेच पाटे दबत नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट चालकाच्या कमरेपर्यंत पोहोचतो.

याची किंमत कोणी मोजली?

चालकांनी. नॉर्मंडीच्या लढाईनंतर पुढे सरकणाऱ्या फौजांना इंधन आणि दारूगोळा पुरवण्यासाठी २५ ऑगस्ट १९४४ रोजी 'रेड बॉल एक्स्प्रेस' सुरू झाली. ती १६ नोव्हेंबरपर्यंत चालली. पाचव्याच दिवशी, २९ ऑगस्टला, ५,९५८ वाहनांनी १२,३४२ टन माल वाहून नेला. या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते.

रात्रंदिवस चालणाऱ्या या फेऱ्यांत सगळ्यात आधी थकला तो माणूस. चालकांना स्टिअरिंगवर झोप लागायची, ट्रक रस्ता सोडून जायचे. कागदावर वाचवलेला खर्च अपघातांच्या रूपाने परत यायचा.

भारतातला 'शक्तिमान' कसा होता?

आपल्या लष्कराचा शक्तिमान ट्रक जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर जबलपूरमध्ये बनायचा. पहिला ट्रक १९५९ मध्ये बाहेर पडला आणि उत्पादन १९९६ पर्यंत सुरू राहिलं. पुढे आलेलं बॉनेट, वर कॅनव्हासचं छत आणि आत गरजेपुरतं सामान. या ट्रकने हिमालयातल्या चौक्यांपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत तीन-चार दशकं काढली. गारठा आणि उकाडा दोन्ही चालकाने अंगावर घेतले.

मग आजच्या ट्रकचं काय?

लष्करी ट्रकच्या उघड्या केबिनमागे जहाज होतं, युद्ध होतं, शत्रूचं विमान होतं. नाशिकहून कांदा घेऊन चेन्नईला निघालेल्या ट्रकसमोर यातलं काय आहे? तरीही आपल्याकडे वर्षानुवर्षं अनेक ट्रक फक्त चासी आणि काऊल म्हणून विकले गेले. केबिन स्थानिक कारागिराने लाकूड आणि पत्रा ठोकून बनवायची. इंजिनची उष्णता, धूर आणि आवाज चालकाच्या पायाशी. लष्कराने नाइलाजाने केलेली काटकसर आपण सवयीने चालू ठेवली.

आता चित्र बदलतंय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या नव्या मालवाहू वाहनांना २०२५ पासून वातानुकूलित केबिनची अट घातली. 'ट्रकवाल्याला एसी कशाला?' असं तेव्हाही विचारलं गेलं.

उत्तर सोपं आहे. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या केबिनमध्ये आठ तास बसलेल्या माणसाचं लक्ष आणि ब्रेकवर पाय जाण्याचा वेग, दोन्ही कमी होतात. त्याच्या पुढे तुमची दुचाकी असते किंवा तुमच्या मुलांची स्कूल बस. म्हणून थंड केबिनची गणना ब्रेक आणि टायरच्या रांगेतच व्हायला हवी.

मात्र हा नियम नव्या ट्रकसाठी आहे. रस्त्यावर आधीपासून धावणारे लाखो ट्रक तसेच राहतील. शिवाय डिझेल वाचवायला मालकाने एसी बंद ठेवायला लावला, तर नियम कागदावरच. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तास कामाची मर्यादा १९६१ च्या कायद्याने घातली होती. ती महामार्गावर किती दिसते, हे कुठल्याही ढाब्यावर चालकाला विचारून पाहा.

जुन्या लष्करी ट्रकचं कौतुक जरूर करावं. त्या पातळ गादीवर बसलेल्या माणसाकडे युद्धाचं कारण होतं. आजच्या चालकाला आपण कोणतं कारण देणार आहोत?