शेजाऱ्याच्या मनातलं

'लोकांना काय पडलंय?' या एका वाक्याने वर्षभर आमचा पिच्छा पुरवला. ध्रुवावरचा बर्फ, वाढता उकाडा, बेभरवशाचा पाऊस, यांपैकी कोणताही विषय निघो. बोलणारा प्राध्यापक असो, सरकारी अधिकारी असो, वर्तमानपत्रातला जुना स्नेही असो, की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका असोत. दोन मिनिटं तळमळीने बोलून झालं की हे वाक्य येतंच. या अंकाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हाही ते आलं. दिवाळीत लोकांना चार चांगल्या कथा हव्यात, आर्क्टिकच्या बर्फाचं त्यांना काय पडलंय, असा सल्ला आमच्या हितचिंतकांनी प्रेमाने दिला. तो आम्ही मानला नाही. उत्तर ध्रुव मराठी वाचकाला परका नाही. लोकमान्य टिळकांनी वेदांतल्या दीर्घ उषेचा आणि सहा महिन्यांच्या रात्रीचा माग काढत १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध केला. वेदकाळच्या लोकांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं हा त्यांचा सिद्धान्त आज ग्राह्य धरला जात नाही, पण ध्रुवाचा विचार करण्यासाठी तिथे जन्मावं लागत नाही हे त्यांनी दाखवून दिलं.

या वाक्याची चीड येते ती एका कारणाने. ते उच्चारणारा प्रत्येक जण स्वतःला त्या 'लोकां'तून वगळतो. त्याला स्वतःला काळजी असते. नातवंडांना कसले उन्हाळे सोसावे लागतील, गावच्या विहिरीला पाणी राहील का, हे त्याच्या मनात असतं. बेपर्वा असतात ते बाकीचे. हे बाकीचे आम्ही पुष्कळ शोधले. ते फार थोडे सापडले. त्यांच्या नावावर आपण सगळे आपलं गप्प बसणं खपवून घेत आहोत, एवढंच आम्हाला या वर्षी सांगायचं आहे.

सरत्या वर्षाची, म्हणजे २०२५ ची, नोंद थोडक्यात घेतो. २० मे रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे. पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्र अस्वस्थ झाला आणि जूनअखेर सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. आणि जाता जाता सप्टेंबरात त्याच पावसाने मराठवाडा बुडवला. सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, आणि कित्येक शिवारांत पिकाबरोबर मातीही खरवडून गेली. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतं, मातीचा थर एका पिढीत परत येत नाही.

आता बर्फाकडे वळू. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, समुद्र आहे. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो, उन्हाळ्यात बराचसा वितळतो. मार्चमध्ये हा बर्फ सर्वांत जास्त पसरलेला असतो आणि सप्टेंबरात सर्वांत कमी उरतो. १९७९ पासून उपग्रहांनी त्याची नोंद ठेवली आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरातला नीचांक सुमारे ६९ लाख चौरस किलोमीटर होता. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून जेमतेम जास्त. यंदाच्या सप्टेंबरात ४६ लाख उरला. पहिल्या नोंदीशी ताडून पाहिलं तर जी तूट दिसते तिच्यात सात महाराष्ट्र मावतील. यंदाच्या मार्चमध्ये तर बर्फाचा हिवाळी विस्तार १४३ लाखांवरच थांबला. तोवरच्या सत्तेचाळीस वर्षांच्या नोंदींत हिवाळ्यात एवढा कमी बर्फ कधी नव्हता. जो उरला आहे तोही पूर्वीइतका जाड नाही. अनेक उन्हाळे टिकून राहिलेला जुना बर्फ आता फार थोडा राहिला आहे.

यावर एक प्रश्न हमखास येतो. पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पाणी सांडतं का? नाही सांडत. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. समुद्राची पातळी वाढते ती पाणी तापून प्रसरण पावल्याने आणि जमिनीवरचा बर्फ वाहून समुद्रात आल्याने. एकटं ग्रीनलंड वर्षाला सुमारे २७ हजार कोटी टन बर्फ गमावत आहे. तरंगत्या बर्फाचं काम निराळं आहे. हिमाच्छादित बर्फ त्याच्यावर पडणारा बहुतेक सूर्यप्रकाश परतवून लावतो. तो वितळून उघडा पडलेला काळा समुद्र नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषून घेतो. शोषलेल्या उष्णतेने आणखी बर्फ वितळतो आणि आणखी समुद्र उघडा पडतो. उत्तर ध्रुवीय प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, त्याचं हे एक मोठं कारण आहे. पेल्याचा प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख नाही. त्याला अर्धं उत्तर देऊन सोडून दिलं गेलं आहे.

गेल्या वीस वर्षांत अर्धवट माहितीचे हे खेळ पुष्कळ झाले. २०१२ चा नीचांक आला तेव्हा २०१३ च्या आसपास उन्हाळ्यात ध्रुवावर बर्फच उरणार नाही, हे काही जणांचं भाकीत जगभर गाजत होतं. ते खोटं ठरलं. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्री बर्फाचा हिवाळी विस्तार दोन कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे गेला आणि बर्फ वाढतो आहे असा गजर झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच बर्फाचा उन्हाळी नीचांक अठरा लाखांच्याही खाली घसरला, ती बातमी आतल्या पानावर गेली. यंदा ऑगस्टमध्ये आलेल्या एका अभ्यासाने गेल्या वीस वर्षांत आर्क्टिकच्या बर्फाची घट मंदावल्याचं दाखवलं. लगेच सगळं खोटं होतं असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी झाली. ही उसंत नैसर्गिक चढउतारांमुळे असून तात्पुरती आहे, हे त्याच अभ्यासाने सांगितलं होतं, तिथवर फार थोडे वाचक पोचले. दरसाल नवा विक्रम मोडला तरच बातमी होणार असेल, तर ज्या वर्षी विक्रम मोडत नाही त्या वर्षी वाचकाला दिलासाच वाटणार. दोष वाचकाचा नाही, विक्रमांच्या मापाने हवामान विकणाऱ्यांचा आहे. शास्त्रज्ञ कोणत्याही एका वर्षावर बोट ठेवत नाहीत. उत्सर्जन कोणत्याही मार्गाने गेलं तरी २०५० पूर्वी एखाद्या सप्टेंबरात हा बर्फ दहा लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाण्याची दाट शक्यता आहे, असं हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०२१ मध्ये सांगितलं. ते पुरेसं गंभीर आहे. त्याला मीठमसाला लावण्याची गरज नाही.

हे सगळं दूरच्या देशातलं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी गोव्याकडे पाहावं. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून काम करतं, त्याची सूत्रं इथूनच हलतात. इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात आर्क्टिकच्या कारा समुद्रातला बर्फ कमी होणं आणि भारतात पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरात, अतिवृष्टी होणं यांचा संबंध असू शकतो, असं त्यांनी दाखवलं. त्यांनी 'शक्यता' म्हटली, आम्हीही शक्यताच म्हणतो. यंदाच्या मराठवाड्यातल्या पुराचं खापर कोणी थेट ध्रुवावर फोडू नये. पण सप्टेंबरात ज्याचं शेत वाहून गेलं त्याला या संशोधनाचं काही पडलेलं नसेल, असं शहरात बसून ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पावसाच्या बदलत्या वागण्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकं शेतकरीच बोलतो आहे. त्याचं बोलणं आपण हवामानबदलाच्या खात्यावर मांडत नाही, एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लोकांना खरंच काही पडलेलं नाही का, हे मोजून पाहण्याचा मोठा प्रयत्न काही अर्थशास्त्रज्ञांनी केला. १२५ देशांतल्या सुमारे एक लाख तीस हजार माणसांना प्रश्न विचारले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. तापमानवाढ रोखण्यासाठी दरमहा उत्पन्नाचा एक टक्का द्यायला तयार आहात का, याला ६९ टक्के लोकांनी होकार दिला. सरकारांनी अधिक काही करायला हवं, असं ८९ टक्के म्हणाले. त्यांनाच पुढे विचारलं, तुमच्या देशात असा एक टक्का द्यायला किती जण तयार असतील? लोकांचा अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचा निघाला. शेजाऱ्याविषयीचा हा गैरसमज १२५ पैकी प्रत्येक देशात सापडला. आणखी एक गोष्ट दिसली. उष्ण आणि तुलनेने गरीब देशांत तयारी जास्त होती. पोटाची चिंता असणाऱ्याला पृथ्वीची चिंता परवडत नाही, हा आपल्याकडचा लाडका समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

या अंकाचा विषय आम्ही 'शेजार' ठरवला तेव्हा आमच्या मनात भिंतीपलीकडचा शेजार होता. वाळवणं, उसनी साखर, चाळीतल्या सामायिक गॅलऱ्या, तुटलेले बांध, परदेशातल्या मराठी कुटुंबांचे अनोळखी शेजारी, असं पुष्कळ पुढच्या पानांत आहे. संपादकीय लिहिताना मात्र ते ६९ आणि ४३ हे दोन आकडे पुन्हा पुन्हा समोर येत राहिले. त्यांच्यामधली दरी ही आपल्या शेजाराचीच कहाणी आहे. शेजाऱ्याला काळजी नाही असं मला वाटतं, म्हणून मी त्याच्यापुढे विषय काढत नाही. मी विषय काढत नाही, म्हणून मला काळजी नाही असं त्याला वाटतं. दोघेही चिंतातुर आणि दोघेही मुके. राज्यकर्ते या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावतात. हिंदीच्या प्रश्नावर यंदा हे मौन फुटलं, शेजारीही आपल्याइतकाच अस्वस्थ आहे हे घराघरांत कळलं, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. हवामानाच्या प्रश्नावर अजून तसं झालेलं नाही.

यावर न्यायाचा एक मुद्दा निघतो आणि तो रास्त आहे. डिर्क नोट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला की दर टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकचा सुमारे तीन चौरस मीटर उन्हाळी बर्फ नाहीसा होतो. सरासरी भारतीय माणसाचं वर्षाचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्या खात्यावर सहा चौरस मीटर. सरासरी अमेरिकी माणसाच्या खात्यावर चाळीसहून अधिक. ज्यांनी जास्त जाळलं त्यांनी आधी आणि जास्त फेडावं, ही मागणी भारताने सोडू नये. पण हीच मागणी घराघरांतल्या स्वस्थतेचं निमित्त होऊ लागली तर ती आपल्यावरच उलटेल. उष्णतेत ऊस तोडणारी, डांबर ओतणारी, पत्र्याच्या छपराखाली शिकणारी माणसं आपली आहेत. देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा यंदा बिगरजीवाश्म स्रोतांचा झाला, याचा अभिमान वाटतो. प्रत्यक्ष विजेचा मोठा भाग अजूनही कोळशातूनच येतो, हेही त्याच दमात सांगायला हवं.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि ते मराठी विज्ञानकथेचे झाले. त्यांची 'हिमप्रलय' नावाची कथा आहे. एक शास्त्रज्ञ येणाऱ्या हिमयुगाचा इशारा देतो, तो कोणी मनावर घेत नाही, आणि मुंबईत बर्फ पडतो. ती कथा वाचून आमच्या पिढीतले कितीतरी जण आकाशाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. कथेतला शास्त्रज्ञ एकटा होता. आजचा शास्त्रज्ञ एकटा नाही. त्याचं ऐकणारी, त्यासाठी पदरचं द्यायला तयार असणारी माणसं बहुसंख्य आहेत. त्यांना आपण बहुसंख्य आहोत याचा पत्ता नाही. तो पत्ता त्यांना देणं हे नियतकालिकाचं काम आहे. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा घातली तेव्हापासून मराठी माणूस या निमित्ताने एकमेकांच्या मनातलं वाचत आला आहे. एवढा जुना व्यवहार ज्या समाजात चालतो, तिथे हा गैरसमज टिकून राहावा हे आम्हाला मान्य नाही.

तुम्ही वर्षानुवर्षं हा अंक घरी आणता, वाचून झाल्यावर पुढे देता, म्हणून तुमच्याकडे हक्काने एक मागणी करतो. जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुकांत उमेदवार दारी येतात. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं. आपल्या शहराचा असा आराखडा आहे का, असल्यास त्यातलं काय झालं, हे मत मागायला आलेल्या उमेदवाराला विचारा. नाले आणि ओढे कोणी बुजवले, शाळेच्या छपराखाली मे महिन्यात किती तापतं, वाहून गेलेल्या मातीचं काय करणार, हेही विचारा. आणि हे एकटे गाठून विचारू नका. जिन्यात, पारावर, सोसायटीच्या सभेत, चार माणसांच्या देखत विचारा. उमेदवार कदाचित वेळ मारून नेईल. पण तुमच्या शेजाऱ्याने तुमचा प्रश्न ऐकलेला असेल, आणि पुढचा उमेदवार येईल तेव्हा तोच प्रश्न तो स्वतः विचारील.



– संपादक