क्रूसाच्या छायेत हरवलेला कामगार

१० एप्रिल २०१० रोजी स्मोलेन्स्क येथे विमान कोसळून पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांच्यासह ९६ जण मृत्युमुखी पडले. शोकाकुल स्काउट पथकांनी वॉर्सामधील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर एक साधा लाकडी क्रूस उभा केला. तो तेथून हलवावा की नाही, या प्रश्नावर त्या उन्हाळ्यात सारा देश दुभंगला. ऑगस्टमध्ये क्रूस नेण्यास आलेल्या धर्मगुरूंनाच श्रद्धाळू जमावाने माघारी धाडले. सप्टेंबरमध्ये अखेर क्रूस हलला. वाद मात्र जागचा हलला नाही.

त्यानंतर चिन्हांमागून चिन्हे रणांगणात उतरली. २०१२ साली वॉर्साच्या एका चौकात कृत्रिम फुलांची इंद्रधनुष्याकृती कमान उभी राहिली. ती वारंवार पेटविण्यात आली आणि २०१५ मध्ये काढून टाकावी लागली. ‘कायदा आणि न्याय’ पक्ष सत्तेवर येताच २०१६ साली रस्त्यांच्या नावांतून कम्युनिझमच्या खुणा पुसण्याचा कायदा संमत झाला. त्या मोहिमेच्या झपाट्यातून स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी फॅसिझमशी लढलेले पोलिश स्वयंसेवकही सुटले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपाताचा हक्क जवळजवळ संपुष्टात आणला, तेव्हा लाखो स्त्रिया तांबड्या विजेचे चिन्ह घेऊन रस्त्यावर आल्या.

उदारमतवादी पंडित या साऱ्याचे निदान ‘खेड्यापाड्यांतील अज्ञान’ असे करून मोकळे होतात. हे निदान सोयीचे आहे, पण खरे नाही. १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बालचेरोविच यांच्या योजनेने पोलंडमध्ये भांडवलशाहीची पुनर्स्थापना सुरू झाली. ज्या ग्दान्स्कच्या गोदीतून १९८० सालची कामगार चळवळ उसळली, त्या गोदीचे १९९६ साली दिवाळे निघाले. नव्या शतकाच्या आरंभी बेकारीने वीस टक्क्यांची मर्यादा ओलांडली. ज्यांचा रोजगार गेला, त्यांना बाजारपेठेचे पुरस्कर्ते कर्तृत्वशून्य ठरवीत होते. त्यांना ‘तुम्हीच खरे राष्ट्र’ असे सांगणारा पक्ष आपला वाटला, यात नवल ते काय?

शिवाय त्या पक्षाने केवळ ध्वज हाती दिला नाही. २०१६ पासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागे दरमहा ५०० झ्लोटी दिले. आधीच्या सरकारने ६७ वर्षांकडे नेऊ घातलेले निवृत्तीचे वय २०१७ साली पुन्हा पुरुषांसाठी ६५ व स्त्रियांसाठी ६० केले. परंतु या औदार्याची सीमा स्पष्ट होती. कुटुंबाला दान मिळाले, कामगाराला सत्ता मिळाली नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये शिक्षकांनी वेतनवाढीसाठी सुमारे तीन आठवडे संप केला, तेव्हा त्याच सरकारने त्यांना रिकाम्या हाती परत पाठविले. राष्ट्राच्या नावाने उभारलेल्या एकजुटीत मालक व मजूर यांच्यातील भेद विसरायचा असतो. जो आठवण करून देईल तो परका ठरतो.

येथे डाव्या विचाराच्या माणसाने एका कटू सत्यापासून डोळे फिरवू नयेत. डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध उठलेल्या बाल्टिक किनाऱ्यावरील कामगारांवर कामगारांच्याच नावाने राज्य करणाऱ्या सरकारने गोळ्या झाडल्या. चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. दहा वर्षांनी त्यांचे स्मारक गोदीच्या प्रवेशद्वाराजवळ उभे राहिले, ते तीन उत्तुंग क्रूसांच्या रूपाने. कामगाराच्या शोकाला लाल निशाणाखाली जागा उरली नव्हती. ती त्याने क्रूसापाशी शोधली. चर्चने ती कमावली, यापेक्षा ती इतरांनी गमावली, हे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

२०२३ च्या निवडणुकीत ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने बहुमत गमावले. तरीही शेतकरी व कामगार मतदारांत तोच आघाडीवर होता. २०२४ साली वॉर्साच्या महापौरांनी महापालिकेच्या कचेऱ्यांत क्रूस लावण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी तेच महापौर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कारोल नावरोत्स्की यांच्याकडून निसटत्या मतांनी पराभूत झाले. नावरोत्स्की हे राष्ट्रीय स्मृती संस्थेचे प्रमुख असताना सोव्हिएत स्मारके पाडण्यात अग्रेसर होते. एका चिन्हाला दुसऱ्या चिन्हाने उत्तर देण्याचे राजकारण कोठवर पोचते, ते या निकालाने दाखविले.

स्त्रियांच्या हक्कांचा आणि धर्मसत्तेपासून राज्य वेगळे राखण्याचा लढा तसूभरही सोडता येणार नाही. पण तो लढा भाडे, वेतन, दवाखाना व निवृत्तिवेतन यांच्या लढ्यापासून तोडला, तर तो सुशिक्षित शहरवासीयांचा वाद होऊन राहतो. भिंतीवरील क्रूस उतरविणे सोपे आहे. ज्या एकाकीपणामुळे कामगार त्या भिंतीकडे वळतो, तो दूर करणे हेच खरे काम होय. ग्दान्स्कचे तीन क्रूस त्याची साक्ष देत उभे आहेत.