स्टेशनाजवळचें छोटें घर आणि दहा गुंठे भातजमीन

वांगणी, नेरळ, कर्जत या बाजूस अलीकडे एकाच धर्तीच्या जाहिराती वाचावयास मिळतात : ‘स्टेशनापासून पायीं जाण्याजोगें अंतर, डोंगराचा पायथा, स्वच्छ हवा; छोटी सदनिका विकणें आहे.’ मुंबईंत भाड्याच्या खोलींत दिवस काढणाऱ्या कुटुंबास असें घर हवेंसें वाटलें तर त्यास कोणी दोष देऊं नये. परंतु हीच जाहिरात आमच्या शेतकरी बंधूंनीं दुसऱ्या बाजूनेंही वाचावी, अशी आमची विनंति आहे. सदनिका विकणारा शेतकरी नसतो. तिच्याखालची जमीन मात्र बहुधा शेतकऱ्याचीच असते.

या गांवांना जी किंमत आली ती रेल्वेमुळें. १८५६ सालीं लोहमार्ग याच वाटेनें खोपोलीपर्यंत गेला. १९०७ सालीं नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. ही सोय कोणा इमारत बांधणारानें निर्माण केलेली नाहीं. ती जमिनीच्या जागेंतच आहे, आणि जागा जोंपर्यंत आपली तोंपर्यंत ती सोयही आपली.

आमच्या एका सभासदानें विचारलें आहे कीं, दहा गुंठे भातजमीन देऊन मोबदल्यांत दोन छोट्या सदनिका घ्याव्या काय? आधीं साधा हिशेब पाहावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठ्यांचे १०,८९० झाले. तीनशे चौरस फुटांच्या दोन सदनिका धरल्या तर हातीं सहाशे चौरस फूट येतात. बांधकामास पैसा लागतो व सदनिकेस भाडें येतें, हें खरें. म्हणून केवळ फुटांची तुलना पुरेशी नव्हे. पण १९६३ च्या सदनिका कायद्याप्रमाणें इमारतीखालची जमीन पुढें रहिवाशांच्या संस्थेच्या नांवें करून द्यावयाची असते. त्या संस्थेंत जुन्या मालकाचें मत इतर कोणाही सभासदाइतकेंच. शिवाय कोंकणच्या पावसांत इमारत वर्षानुवर्षें झिजते. शेताची गोष्ट निराळी. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल येतो, आणि पुढच्या मृगाला जमीन पुन्हा तयार असते.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानें बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास सामान्यतः बंदी आहे. ज्यानें आपली सगळी जमीन देऊन टाकली, त्याच्या मुलास उद्यां शेत घ्यावेंसें वाटलें तर हीच अट आडवी येण्याचा संभव असतो. सातबाऱ्यावरील नांव हा नुसता कागद नव्हे.

तिसरी गोष्ट शेजारधर्माची. आपल्याकडे पाणी एका खाचरांतून दुसऱ्या खाचरांत उतरतें. मधलें एक खाचर मुरूम टाकून भरलें कीं वरच्याचें पीक कुजतें व खालच्याचें सुकतें. व्यवहार एकाचा होतो, नुकसान चौघांचें. म्हणून पाण्याची वाट कोठून काढणार, हें भराव पडण्यापूर्वीं ग्रामसभेंत विचारलें पाहिजे.

आमचें मत असें : अडचणींत सांपडलेल्या माणसानें जमीन विकूंच नये, असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु देणें भागच असेल तर रस्त्याकडेचें वरकस द्यावें, भाताचें खाचर राखावें. करार नोंदणी केलेला असावा. सदनिका कोणत्या मजल्यावर, किती चटई क्षेत्राची व केव्हां मिळणार, आणि उशीर झाल्यास भरपाई काय, हें त्यांत स्पष्ट असावें. पांचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवर आठांहून अधिक सदनिका बांधावयाच्या असल्यास २०१६ च्या कायद्यान्वयें प्रकल्पाची नोंदणी लागते. तिची खात्री करून घ्यावी. तोंडी वचनावर नांगर सोडूं नये.

त्या सभासदास आमचें उत्तर इतकेंच : दहा गुंठे ही तुमची सगळी जमीन असेल, तर देऊं नका.