ज्या संशोधनाला विक्रेता नाही

वैद्यकशास्त्रातील नवे संशोधन म्हटले की आपल्या वृत्तपत्रांना एखादे लक्षावधी रुपयांचे परदेशी इंजेक्शन तरी आठवते किंवा शस्त्रक्रिया करणारे स्वयंचलित यंत्र तरी. दंतवैद्यकाच्या बाबतीत तर संशोधन म्हणजे कृत्रिम दातांचे रोपण, वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक पट्ट्या आणि दात शुभ्र करण्याची रसायने, असाच सुशिक्षित मध्यमवर्गाचा समज झालेला आहे. हा समज आपोआप झालेला नाही. ज्या शोधातून विकण्याजोगी वस्तू निघते, त्या शोधाची वार्ता पसरवण्यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात. ज्या शोधातून विकण्याजोगे काहीच निघत नाही, त्याची वार्ता एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाच्या पानात पडून राहते. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तो वैद्य नाही. परंतु बाजारपेठ कोणते ज्ञान उचलते आणि कोणते टाकून देते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्याच कक्षेतला आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाइतके त्याचे विदारक उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे त्याने मेली. भारतीय पुरुषांत हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. पोटातला वा मेंदूतला रोग शोधायला यंत्रे लागतात. हा रोग मात्र आरशापुढे तोंड उघडले तर दिसतो. गालाच्या आतला पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, सुपारी खाऊन खाऊन तोंड उघडेनासे होणे, ही त्याची पूर्वचिन्हे आहेत. जो रोग नुसत्या डोळ्यांना दिसतो, त्याने वर्षाला ८० हजार माणसे मरावीत याचा अर्थ एवढाच की ती माणसे ज्या वर्गातली आहेत, त्या वर्गाच्या तोंडात डोकावण्याची कोणाला गरज वाटलेली नाही.

हे ज्ञान नवे आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अणुशास्त्रज्ञांच्या शेजारी, डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग काम करीत असे. या विभागाने देशातील वेगवेगळ्या जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे घरोघरी जाऊन तपासली आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७२ साली महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व विकार यांचा संबंध तेथे माणसे मोजून दाखवला गेला. पुढे ३६ हजारांहून अधिक तंबाखूसेवकांना समजावून सवय सोडवण्याचा प्रयत्न केल्यास तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटते, हे याच परंपरेतील संशोधकांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. हे सारे सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेत झाले.

त्यापुढचे पाऊल केरळात पडले. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींत एक मोठा प्रयोग झाला. काही पंचायतींत वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी ३५ वर्षांवरील माणसांची तोंडे ठरावीक अंतराने तपासली. उरलेल्या पंचायतींत नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. दोन्ही मिळून १ लाख ९१ हजारांहून अधिक माणसे या अभ्यासात होती. डॉ. शंकरनारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, तंबाखू वा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांत या साध्या तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. साधने कोणती? प्रकाश, दोन बोटे आणि शिकवून तयार केलेली नजर.

या निष्कर्षाला दोन दशके उलटून गेली. २०१६ साली केंद्र सरकारने ३० वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा आराखडाही काढला. आणि मग? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के व्यक्तींचीच आयुष्यात कधी तरी अशी तोंडतपासणी झालेली होती. शंभरांत एक! एखाद्या नव्या गोळीने मृत्यू ३४ टक्क्यांनी घटतात असे सिद्ध झाले असते, तर तिच्या विक्रीप्रतिनिधींनी दोन वर्षांत तालुक्यातालुक्यांतील डॉक्टरांचे उंबरठे झिजवले असते. परंतु तोंडात डोकावण्याचे एकाधिकारपत्र कोणाला घेता येत नाही, त्यावर नफ्याची टक्केवारी लावता येत नाही; म्हणून त्याला प्रतिनिधी नाही, जाहिरात नाही आणि मंत्रालयात त्याच्यासाठी खेटे घालणारेही कोणी नाही. सरकारी विमायोजनांचे तर्कशास्त्रही याच बाजारातून उचललेले आहे. रुग्ण दाखल झाला, त्याचा जबडा कापावा लागला, की रुग्णालयाला पैसे मिळतात. तो जबडा वाचावा म्हणून कोणी आधी गालात पाहिले तर त्याचे देयक कोणत्या रकान्यात भरायचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

उपचारांच्या क्षेत्रातही हीच कथा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली एका न्यासाने उभारले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. या सार्वजनिक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ साली एक जुना वाद निकालात काढला. तोंडाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की पुढे गाठ आली तर काढाव्यात? त्याच वेळी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. थांबून पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. जगभरच्या शल्यविशारदांनी या निष्कर्षाची दखल घेतली. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. होता तो नेटाने विचारलेला एक प्रश्न, आणि परळच्या ओसरीत गर्दी करणाऱ्या सामान्य रुग्णांचे सहकार्य.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करून तिला कर्करोगावर सोडणारी निव्होलुमॅबसारखी औषधे अलीकडे आली. त्यांचा पाया क्योतो विद्यापीठातील तासुकू होंजो यांच्या मूलभूत संशोधनाने घातला. त्यासाठी २०१८ साली त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पाया विद्यापीठात घातला गेला, किंमत मात्र कंपनीने ठरवली. ती अशी की गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत फार तर १ ते ३ टक्के रुग्णांनाच ही औषधे पूर्ण मात्रेत मिळू शकतात, असे आपल्याच संशोधकांना लिहावे लागले. परळच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी मग कंपनीला परवडणारा नव्हे, तर रुग्णाला परवडणारा प्रश्न विचारला : थोड्या मात्रेने काय होते? डोके व मान यांचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या गोळ्या दिल्या; उरलेल्यांना त्याच गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबची फक्त २० मिलिग्रॅम मात्रा दिली. एका वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के रुग्ण जिवंत होते. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम अशी दिली जाते. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर एकीकडे ७२० आणि दुसरीकडे ४०, म्हणजे अठरावा हिस्सा.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. या प्रयोगात थोडी मात्रा पूर्ण मात्रेशी ताडून पाहिलेली नव्हती. तेव्हा दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु नेमका येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. ही तुलना करणार कोण? आपला माल अठरावा हिस्सा वापरला तरी पुरतो की नाही, हे तपासण्यासाठी कोणता उत्पादक खर्च करील? थोडी मात्रा म्हणजे गरिबांच्या माथी मारलेले दुय्यम औषध, असा आक्षेपही काही जण घेतात. ज्या रुग्णापुढे पूर्ण मात्रेचा पर्याय कधी नव्हताच, त्याच्या वतीने घेतलेला हा आक्षेप ऐकायला भूतदयेचा वाटतो. प्रत्यक्षात तो त्याला रिकाम्या हातानेच परत पाठवतो. उत्तर एकच : सरकारने आपल्या पैशाने ही तुलना करवून घ्यावी, आणि जे सिद्ध होईल ते सार्वजनिक रुग्णालयांत विनामूल्य द्यावे.

पैसा कोठून येणार, हा नेहमीचा प्रश्न आहे. देशातील कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय जाळ्याने ४० औषधांची एकत्रित खरेदी केली तेव्हा सुमारे ८२ टक्के खर्च वाचला. ग्राहक संघटित झाला की किंमत उतरते, हे आपल्या चळवळीला नव्याने शिकवायला नको. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी नाकारली होती. २००५ साली ती मक्तेदारी परत आणली गेली. तरीही कायद्यातील सक्तीच्या परवान्याची तरतूद शिल्लक आहे. २०१२ साली ती सोराफेनिब या औषधासाठी वापरली, तेव्हा महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आली. हत्यार हाती आहे. ते उगारण्याची इच्छा नाही.

आता सर्वांत सोयीस्कर आक्षेप : तंबाखू हे लोक स्वतःच खातात, त्याला समाज काय करणार? प्रौढ तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते, आणि धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. याची कारणे कष्टाच्या स्वरूपात आहेत. बारा बारा तास गाडी हाकणाऱ्याला झोप मारायची असते. पाट्या वाहणाऱ्याला दुपारची भूक मारायची असते. आणि दुखऱ्या हिरड्यांना दंतवैद्य परवडत नाही म्हणून आमच्या हजारो मायबहिणी मशेरी लावतात. वेदनेवरचा स्वस्त उपाय म्हणून जी भाजलेली तंबाखू हिरड्यांवर चोळली जाते, तीच पुढे रोग होऊन बसते. याला व्यसन एवढेच नाव देऊन मोकळे होणे हा वर्गीय उद्धटपणा आहे. राज्यात २००२ साली घातलेली गुटखाबंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही; २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. पण बंदीचा दंडुका टपरीवाल्याच्या पाठीवर पडतो आणि कारखानदाराच्या दारापर्यंत पोचत नाही, हे आपण सर्व जण पाहतो.

प्रस्तुत लेखक घोडबंदरला राहतो. वसईच्या खाडीकाठचे हे गाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा भाग आहे. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता येथेच मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक आणि टोलेजंग इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारे बांधकाम मजूर, हे येथले नित्याचे दृश्य. ज्या माणसांची तोंडे सर्वांत आधी तपासली पाहिजेत, ती या एका रस्त्यावर रोज हजारोंनी येतात-जातात. परळचे रुग्णालय येथून दूर नाही. मीरा रोडला लोकल पकडली की दादर, आणि तेथून परळ. परंतु मजुराला त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तपासणीला दुसरी, अहवालाला तिसरी. म्हणून तो व्रण घेऊन कामावर जातो, आणि परळला पोचतो तेव्हा गाठ मानेत उतरलेली असते. जगाला धडे देणारे संशोधन लोकलच्या अंतरावर आहे, आणि तरीही ते या रस्त्यापर्यंत पोचलेले नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे काही ठोस मागण्या ठेवतो. महानगरपालिकेने आपल्या प्रत्येक कंत्राटी सफाई कामगाराची व बसचालकाची वर्षातून एकदा पगारी वेळेत तोंडतपासणी करावी. ट्रकतळांवर आणि बांधकामांच्या जागी फिरती पथके जावीत. त्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या, बांधकामखर्चावरील १ टक्का उपकरातून जमा होणारा कल्याणनिधी वापरावा. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत, बहुतेक खासगी. त्यांच्या अंतिम वर्षानंतरच्या प्रशिक्षणार्थींना ठरावीक दिवस या पथकांत काम करणे सक्तीचे व्हावे. आशा कार्यकर्तीवर हे काम फुकट लादू नये. तिला प्रशिक्षण आणि प्रत्येक तपासणीचे मानधन मिळावे. चट्टा आढळला तर त्याच आठवड्यात तुकडा तपासायला जावा, आणि रुग्णाला प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळावी. या शेवटच्या मागणीवाचून बाकीच्या सर्व व्यर्थ आहेत, कारण चिठ्ठी लिहून दिल्याने माणूस परळला पोचत नाही.

हे काम आरोग्यसेवी संस्थांचे आहे, पक्षाचे नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांना एवढेच विचारावे की आठ तासांचा दिवस हा प्रश्न वैद्यकाचा होता की राजकारणाचा? कामगाराच्या देहाचे काय होते हा प्रश्न आपल्या चळवळीने आरंभापासून स्वतःचा मानलेला आहे. ज्या शोधाला विक्रेता असतो, त्याला बाजार वाहून नेतो. ज्याला विक्रेता नाही, त्याला संघटनेनेच खांद्यावर घेतले पाहिजे. येत्या शाखासभेत मजुरीच्या मागणीपत्रकात तोंडतपासणीचे कलम घालावे, आणि पालिकेच्या दारात ते वाचून दाखवावे.